जुन्या संगणकाला नवा प्रोसेसर : सौदा करण्यापूर्वी

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. तागा उलगडण्याआधी बोटाने चाचपून सुताचा अंदाज सांगणाऱ्या आम्हाला काडेपेटीहून लहान अशा एका वस्तूने साडेपाच हजारांना बुडविले. ती वस्तू म्हणजे संगणकाचा प्रोसेसर. हे कसे झाले आणि त्यातून आम्ही काय शिकलो ते येथे मांडीत आहोत. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानात संगणक आहे, आणि पुष्कळांच्या घरात त्यावर गेम खेळणारा मुलगाही आहे.

आमचा संगणक २०१७ साली घेतलेला. दिवसा त्यावर टॅली चालते, जीएसटीची बिले निघतात. शेगावातले दुकान रात्री बंद झाले की तोच संगणक धाकट्या चिरंजीवांच्या ताब्यात जातो. आत इंटेलचा आय-३ ७१०० प्रोसेसर, एच-११० जातीचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर-४ रॅम, आणि मागाहून बसविलेले जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. २०२३ च्या सप्टेंबरात काउंटर-स्ट्राइक २ हा गेम आला आणि घरात तक्रार सुरू झाली. ‘‘अब्बा, समोर चार माणसे आली की चित्र अडखळते.’’ आधी आम्हाला वाटले, अभ्यास टाळण्याचे हे नवे निमित्त. मग एकदा शेजारी बसून पाहिले, तर तक्रार खरी होती.

एका मोठ्या शहरात माल घ्यायला गेलो असता तेथील एका दुकानात चौकशी केली. दुकानदाराने आमच्या बोर्डाचे नाव ऐकले आणि आय-५ ९४००एफ हा वापरलेला प्रोसेसर पुढे ठेवला. म्हणाला, ‘‘सॉकेट तेच आहे, ११५१. बसवा आणि खेळा.’’ घरी आणून बसविला. बसला अगदी चपखल. बटण दाबले, पंखा फिरला, पडदा मात्र काळाच. पुन्हा काढला, पुन्हा बसविला, रॅम पुसली, तरीही काळाच. फोन केला तर उत्तर आले, ‘‘चाचा, मी सॉकेट तेच आहे एवढेच म्हटले होते.’’

आता यात खोटे काहीच नव्हते, हीच गंमत. इंटेलची सहावी व सातवी पिढी आणि आठवी व नववी पिढी या चौघींच्या सॉकेटला ११५१ असेच नाव आहे. पण आठव्या-नवव्या पिढीला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो, म्हणजे एच-३१०, बी-३६०, बी-३६५ वगैरे. विजेच्या पिनांची वाटणी कंपनीने बदलली, आणि जुन्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखण्याची सोय दिली नाही. कापड-बाजारात दोन ताग्यांचा पन्हा सारखा असला म्हणून त्यांचा पोत सारखा ठरत नाही. हे आम्हाला ठाऊक होते, फक्त तो नियम येथे लागू पडतो हे सुचले नाही.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की सॉकेटच्या नावावर सौदा करू नये. ज्या कंपनीचा बोर्ड आहे तिच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाच्या नावासमोर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. आपला प्रोसेसर त्या यादीत आहे का, आणि कोणत्या क्रमांकाच्या बायोसपासून चालतो, एवढे पाहिले की झाले. पाच मिनिटांचे काम आहे. आम्ही ते केले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

यानंतर आम्ही एक उलटा प्रश्न विचारला. अडथळा प्रोसेसरचा आहे की ग्राफिक्स कार्डाचा, हे कळणार कसे? गेम चालताना दोघे जण मिळून काम करतात. कोण कोठे आहे, गोळी कोठे लागली, भिंत पडली की नाही, हा सारा हिशोब प्रोसेसर करतो. त्या हिशोबावरून चित्र रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. एक मंद असला की दुसरा हातावर हात ठेवून बसतो. विणकरांना हे सांगायला नको. ताणा भरणारा मागे पडला तर चांगला मागही रिकामाच उभा राहतो.

पारख सोपी आहे. गेम चालू असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून दोघांचे टक्के पाहावेत. ग्राफिक्स कार्ड ९५ च्या पुढे आणि प्रोसेसर निम्म्यावर असेल तर प्रोसेसर बदलून काही हाती लागणार नाही. उलट प्रोसेसर शंभराला टेकला आणि कार्ड ५०-६० वर घुटमळत असेल तर दोष प्रोसेसरचा. यात एक बारकावा आहे. सहा-आठ गाभ्यांच्या प्रोसेसरात एकच गाभा पूर्ण थकलेला असतो आणि एकूण टक्केवारी कमी दिसते. म्हणून दुसरी परीक्षाही करावी. गेममधील चित्राचे रिझोल्यूशन एकदम कमी करावे. चित्रांचा वेग वाढला तर कार्ड अडत होते. वाढलाच नाही तर प्रोसेसर. आमच्याकडे १०८० वरून ७२० वर आणले तरी आकडा जागचा हलला नाही, आणि गोळीबार सुरू झाला की तो चाळिशीवर कोसळे. आय-३ ७१०० ला गाभे दोनच. आजच्या गेमला ते पुरत नाहीत.

म्हणजे प्रोसेसर बदलायचा हे नक्की झाले, आणि त्यासाठी बोर्डही बदलणे आले. एच-११० वर सातव्या पिढीचा आय-७ ७७०० बसू शकतो. जुन्या बाजारात तो मिळतोही. पण त्या वाटेने आम्ही गेलो नाही. सातवी पिढी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही (एखाददुसरा अपवाद सोडून), आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. ज्या यंत्रात दुकानाचा हिशोब आणि बँकेचे व्यवहार आहेत त्यावर हा धोका कशाला घ्यावा? शिवाय व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० व सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही.

येथे नावांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण निम्मी फसवणूक नावातच होते. ‘आय-५ चा गेमिंग संगणक, अमुक हजारांत’ अशा जाहिराती आपण पाहतो. आय-५ म्हणजे काय? नुसते ‘सुती’ म्हटल्याने कापड मांजरपाट आहे की मलमल हे कळते का? आय-५ नंतरचा आकडा वाचला पाहिजे. २०१२ चा आय-७ ३७७० आणि २०२२ चा आय-३ १२१०० या दोघांना गाभे चारच व धागे आठच, पण नवा आय-३ जुन्या आय-७ ला फार मागे टाकतो. स्वस्त ‘गेमिंग’ संगणकांत पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा जुना प्रोसेसर आणि अनोळखी नावाचा नवा कोरा एच-६१ बोर्ड असतो. वर रंगीत दिवे लावले की माल नवा दिसतो.

शेवटचे अक्षरही महत्त्वाचे. इंटेलच्या नावाला एफ लागला की त्यात स्वतःचे ग्राफिक्स नाही. वेगळे कार्ड नसेल किंवा ते बिघडले तर पडदा काळा. के म्हणजे वेग वाढविण्याची मोकळीक, पण ती झेड जातीच्या महाग बोर्डावरच, आणि सोबत पंखा मिळत नाही. आपल्याला के चे काम नाही. एएमडीच्या रायझनमध्ये जी म्हणजे ग्राफिक्स आतच. ज्यांच्याजवळ कार्ड नाही आणि सध्या घ्यायचेही नाही, त्यांनी रायझन ५ ५६००जी चा विचार करावा. हलके गेम त्यावर चालतात. एम्ब्रॉयडरीची डिझाइन करणारे कारागीर, फ्लेक्स व स्क्रीन प्रिंटिंगवाले, यांचे बरेचसे काम त्यावर निघून जाते. मात्र त्याची आतली साठवण, म्हणजे कॅश, १६ एमबी आहे आणि साध्या ५६०० ची ३२ एमबी. गेममध्ये हा फरक जाणवतो.

आमच्यासमोर शेवटी दोन वाटा राहिल्या, आणि दोन्ही आम्ही रॅमवरून ठरविल्या. असे का, ते सांगतो. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले. जगात रॅमची चिप करणारे मोठे कारखानदार तीन, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांसाठी त्यांनी आपले उत्पादन तिकडे वळविले, आणि किरकोळ ग्राहकाच्या वाट्याला टंचाई आली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रूशियल’ हा किरकोळ विक्रीचा धंदाच बंद करण्याची घोषणा केली. बड्या निर्यातदाराने सूत उचलले की इचलकरंजी-मालेगावच्या मागवाल्याला काय भोगावे लागते, त्यातलाच हा प्रकार. अशा दिवसांत घरात असलेली डीडीआर-४ रॅम टाकून देणे म्हणजे रोख पैसे टाकणे. म्हणून जुनी रॅम चालेल असाच बोर्ड घ्यायचा, हे ठरले.

एक वाट एएमडीच्या एएम-४ सॉकेटची. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर २०२२ चा, गाभे सहा, धागे बारा, विजेची भूक ६५ वॉट, पंखा डब्यातच. बोर्ड बी-४५० किंवा बी-५५०. दुसरी वाट इंटेलच्या एलजीए १७०० ची. आय-३ १२१००एफ किंवा थोडे अधिक मोजून सहा गाभ्यांचा आय-५ १२४००एफ, आणि त्याखाली एच-६१० किंवा बी-६६०, बी-७६० बोर्ड. या वाटेवर एक खड्डा आहे. एकाच नावाचे एच-६१० बोर्ड डीडीआर-४ चेही येतात आणि डीडीआर-५ चेही. डब्यावर नीट वाचून घ्यावे, कारण दोन्ही रॅमची खाच वेगळी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

नवा सॉकेट एएम-५ आम्ही का घेतला नाही? माल म्हणून तोच सर्वांत चांगला आहे, हे कबूल केले पाहिजे. २०२२ मध्ये तो आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्यावर नवे प्रोसेसर देऊ असे एएमडीने जाहीर केले आहे. म्हणजे बोर्ड एकदा घ्यावा आणि पुढे फक्त प्रोसेसर बदलावा. पण त्यावर फक्त डीडीआर-५ चालते. ज्याला सारेच नवे घ्यायचे आहे त्याने तेथेच पैसे घालावेत. ज्याच्याजवळ डीडीआर-४ आहे आणि खिशात मोजके आहे, त्याने एएम-४ किंवा एलजीए १७०० घ्यावा, आणि हे दोन्ही सॉकेट आता पुढे वाढणारे नाहीत हे समजून घ्यावा.

इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील वरच्या दर्जाच्या काही प्रोसेसरांविषयी २०२४ मध्ये मोठा बोभाटा झाला होता. अधिक विद्युतदाब घेऊन ते हळूहळू खराब होत. इंटेलने त्यावर सुधारणा काढली व हमी दोन वर्षांनी वाढविली. कोणी असा प्रोसेसर वापरलेला म्हणून स्वस्तात देऊ लागला तर दोनदा विचार करावा. बाराव्या पिढीला हा रोग नाही.

आम्ही शेवटी रायझन ५ ५६०० आणि बी-४५० बोर्ड घेतला. बी-५५० वर पीसीआय एक्सप्रेसची चौथी आवृत्ती मिळते, बी-४५० वर तिसरी. आमच्या १०५० टीआय ला तिसरीच पुरते. पण ज्यांना आरएक्स ६५०० एक्सटीसारखे चारच वाहिन्यांचे कार्ड लावायचे आहे, त्यांनी बी-५५० घ्यावा. तिसऱ्या आवृत्तीवर असे कार्ड गुदमरते. रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हेही तिसऱ्या आवृत्तीचेच आहेत. तेथे बोर्ड बी-५५० असून उपयोग नाही.

खरेदीसाठी विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो, एरवीही मंगलदास मार्केटला जाणे असतेच. तेथून ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला पोहोचायला वेळ लागत नाही. रविवारी तेथील बरीच दुकाने बंद असतात, एवढे ध्यानात ठेवावे. पहिल्याच दुकानात पैसे मोजू नयेत, चार गाळे फिरावे. आणि बायोसचा प्रश्न विसरू नये. बी-४५० बोर्ड २०१८ पासून बाजारात आहे. गाळ्यात पडून राहिलेला जुना डबा असेल तर त्यातील बायोस ५६०० ला ओळखणार नाही, आणि आमच्या घरी झाले तेच पुन्हा होईल. डब्यावर ‘रायझन ५००० साठी तयार’ अशा अर्थाची पट्टी आहे का पाहावे. नसेल तर दुकानातच बायोस बदलून, प्रोसेसर बसवून, पडदा उजळलेला डोळ्यांनी पाहूनच पैसे द्यावेत. आम्ही या वेळी तसेच केले. दुकानदाराने जरा तोंड वाकडे केले, पण केले.

प्रोसेसर डब्यासकट घ्यावा. सुटा, ‘ट्रे’चा माल हजार-पाचशेने स्वस्त मिळतो, पण डबाबंद मालावर कंपनीची तीन वर्षांची हमी असते, ती सुट्यावर तशी मिळत नाही. बोर्ड घेताना सॉकेटकडे भिंगातून पाहावे. एएम-४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तर एलजीए १७०० आणि एएम-५ मध्ये त्या बोर्डात असतात. वाकलेली पिन नंतर दाखविली तर कोणी ऐकत नाही.

बिल पक्के घ्यावे. या मालावर जीएसटी १८ टक्के आहे. आपला जीएसटी क्रमांक बिलावर असेल तर धंद्याच्या वापरापुरता कर परत वळविता येतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना ही सवलत नाही. आणि मुलाच्या गेमसाठी घेतलेली वस्तू पूर्णपणे दुकानाच्या नावे दाखवू नये. कायद्यालाही ते मान्य नाही. आम्ही आमच्या सल्लागाराला विचारून वापराप्रमाणे वाटणी केली.

हप्त्यांविषयी एक शब्द. ‘नो कॉस्ट ईएमआय’ हे नाव ऐकून आपले पुष्कळ बांधव निश्चिंत होतात की यात व्याज नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच नाही, ते दुसऱ्या नावाखाली दडविलेले असते. हप्त्याच्या कागदावर व्याजाची रक्कम लिहिलेली असते आणि तेवढीच सूट वस्तूच्या किमतीत दाखविलेली असते. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्याने कागद वाचून मगच सही करावी. आम्ही चार महिने थांबून रोख घेतले. चिरंजीवांना ते चार महिने फार जड गेले.

घरी आणल्यावर यंत्र उघडण्यापूर्वी दोन कामे करावीत. टॅलीच्या हिशोबाची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. टॅलीचा परवाना यंत्राशी बांधलेला असतो, म्हणून बोर्ड बदलण्याआधी तो ‘सरेंडर’ करून नंतर पुन्हा चालू करावा. विंडोजचेही तेच. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना जुन्या बोर्डाबरोबरच जातो. वेगळा विकत घेतलेला असेल तर मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी आधी जोडून घ्यावा, म्हणजे नव्या बोर्डावर तो परत मिळतो.

वीज देणारा एसएमपीएस जुनाच ठेवावा असे आम्हाला वाटत होते. पुतण्याने नको म्हटले आणि ते बरे झाले. त्यावर ५०० वॉटची चिठ्ठी होती, पण वजन हाताला लागत नव्हते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो, वीज वर-खाली होते, अशा ठिकाणी नवा बोर्ड हलक्या एसएमपीएसवर लावणे म्हणजे रेशमी कापड गंजलेल्या खिळ्यावर टांगणे. ८० प्लसचे प्रमाणपत्र असलेला ४५० वॉटचा एसएमपीएस घेतला. रॅमचीही एक ८ जीबीची पट्टी वाढविली, वापरलेली घेतली म्हणून परवडली. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की रॅमचा रस्ता दुपदरी होतो, आणि रायझनला याचा चांगलाच फायदा होतो.

जुना पंखा काढला तेव्हा त्याच्या पात्यांत आमच्याच दुकानातील कापडाचे तंतू नमद्यासारखे जमलेले होते. कापड-दुकान, शिलाईखाना, पिंजारी यांच्या संगणकांचे हे खास दुखणे आहे. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो यंत्र जुने झाले. दर दोन महिन्यांनी ब्रशने पंखा साफ करावा. नवे काही घेण्याआधी एकदा हे करून पाहावे, एखाद्याचे काम फुकटात होऊन जाईल. एएम-४ चा पंखा पुढे कधी काढावा लागला तर थेट वर ओढू नये. यंत्र थोडे गरम असताना पंखा डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सुटा करावा, नाही तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून सोबत येतो आणि पिना वाकतात.

आता गोळीबारातही आकडा शंभराच्या खाली जात नाही, असे चिरंजीव सांगतात. ग्राफिक्स कार्ड मात्र ९८ टक्क्यांवर धावते, म्हणजे पुढची मागणी कशाची येणार हे आम्हाला कळून चुकले आहे. टॅली पूर्वीपेक्षा फार वेगाने उघडते असे नाही. ते काम एसएसडीचे आहे, प्रोसेसरचे नव्हे.

तो आय-५ ९४००एफ अजून गल्ल्याच्या खणात आहे. माल खोटा नाही, सहा गाभ्यांचा आहे आणि विंडोज ११ ही त्यावर चालते. कोणाकडे बी-३६० किंवा बी-३६५ बोर्ड आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर आम्ही तो निम्म्या किमतीत देऊ. एच-११० वाल्याला मात्र देणार नाही, त्याने कितीही आग्रह केला तरी.